खालू बाजा आणि गिटार : मिळून वाजवण्याची गोष्ट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठी पडेल. गिटार कुठे आणि आपले महाड-पोलादपूर कुठे! सावित्रीच्या काठी भात लावणाऱ्या माणसाला स्पेन देशातल्या वाद्याशी काय कर्तव्य? शंका रास्त आहे. पण आज मला गिटारपेक्षा तिच्या भोवती जमणाऱ्या माणसांविषयी बोलायचे आहे. तीन-चार माणसे एका ठिकाणी बसतात, प्रत्येक जण वेगळे वाजवतो, आणि त्या सगळ्याचे मिळून एकच गाणे होते. ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. फक्त आपण तिच्याकडे कधी नीट लक्ष देऊन पाहिलेले नाही.

महाशिवरात्रीनंतर महाडला वीरेश्वराचा छबिना भरतो. गावोगावच्या देवांच्या पालख्या येतात, सासणकाठ्या नाचतात, आणि पुढे खालू बाजा वाजत असतो. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हाही तोच बाजा. सनई, ढोल, टिमकी आणि झांज, एवढाच त्याचा संसार. सनई चाल सांगते. ढोल वजन देतो. टिमकी त्या वजनाच्या मधल्या जागा भरून काढते आणि झांज सगळ्यांना एका धाग्यात ओवते. यांतले एक वाद्य बंद पडले, तर शेंबड्या पोरालाही कळते की काही तरी हरवले. पण चारी वाजत असताना कोण काय करतो आहे, हे विचारले तर मोठमोठे गप्प बसतात. आपण बाजावर नाचतो. बाजा ऐकत नाही.

आता जरा वर, रायगडावर चला. ६ जून १६७४ रोजी तिथे शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. सिंहासनाच्या जागेसमोर नगारखान्याचा भव्य दरवाजा आजही उभा आहे. नगारखाना म्हणजे राजाचा वाद्यवृंदच. नगारे, सनया, कर्णे, झांजा. आणि वाजवणारे वर, उंचावर बसायचे. गडावर गेलेल्या माणसाला वाटाडे एक गोष्ट हमखास करून दाखवतात. नगारखान्याच्या दारात हलक्या आवाजात बोलले, तरी सिंहासनाच्या जागी ते ऐकू येते. वाद्य किती मोठे वाजते याच्या इतकेच ते कुठल्या जागेत वाजते याला महत्त्व असते. बांधणाराला जागेचा हा गुण ठाऊक असावा लागतो.

युरोपात संगीताचे दोन प्रकार पडले, ते याच जागेवरून. एक देवळातले आणि नाटकगृहातले, मोठ्या जमावासाठीचे. दुसरे घरातल्या दालनातले. दालनात मोजकी माणसे बसणार, वाजवणारेही तीन, चार, फार तर आठ. त्यांच्यापुढे काठी हलवणारा कोणी नाही. प्रत्येकाच्या हाती वेगळी ओळ, आणि ती ओळ वाजवणारा तो एकटाच. मोठ्या वाद्यवृंदात वीस व्हायोलिने एकच ओळ वाजवतात, एखादे चुकले तर खपून जाते. इथे चुकले की उघडे पडले. म्हणून वाजवणारे एकमेकांकडे पाहतात, श्वासाने खूण करतात. आपल्या भजनी मंडळीत पखवाजवाला आणि पेटीवाला जसे मानेने बोलतात, तसेच. या प्रकाराला आपण दालन-संगीत म्हणू.

या दालनात गिटार बसली, पण तिला तिथे जागा मिळायला फार दिवस लागले. ते कसे, ते सांगतो.

गिटार म्हणजे सहा तारांचे वाद्य. मानेवर धातूचे पडदे ठोकून बसवलेले असतात, सतारीसारखे सरकवता येत नाहीत. तारा अशा लावतात की एकीला सा मानले तर पुढची मध्यमावर येते. पाच टप्प्यांपैकी चार असे मध्यमाचे. एकच टप्पा गंधाराचा. सर्वांत जाड तार आणि सर्वांत बारीक तार यांच्यात बरोबर दोन सप्तकांचे अंतर पडते. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो आणि तीन बोटे वरच्या. म्हणजे एकच माणूस खर्ज, मधला सूर आणि चाल एका वेळी वाजवू शकतो. मोठे गुणी वाद्य आहे. पण आवाज लहान. शेजारी पितळी वाद्य वाजले की गिटार पार बुडते.

या लहान आवाजामुळे ती घरात आणि खाणावळीत रमली. नाचणाऱ्यांना साथ, गाणाऱ्याला साथ, हे तिचे काम. तरी शौकीन माणसे तिच्या प्रेमात होतीच. लुइगी बोकेरिनी नावाचा इटालियन संगीतकार स्पेनमध्ये राहत होता. १७९८ च्या सुमारास एका गिटार वाजवणाऱ्या उमरावाला घरच्या बैठकीत वाजवण्यासाठी रचना हव्या होत्या. बोकेरिनीने आपल्याच जुन्या रचना घेतल्या, त्यांत गिटारीची जागा केली आणि चार गजाची वाद्ये व एक गिटार अशी पंचके तयार केली. व्हायोलिनचा जादूगार म्हणून ज्याचे नाव घेतात तो पागानिनीही गिटार वाजवायचा, आणि व्हायोलिन, व्हायोला, चेलो व गिटार यांच्यासाठी त्याने पंधरा चतुष्के लिहिली. दालनाचे दार असे किलकिले झाले.

ते सताड उघडायला एक सुतार यावा लागला. अंतोनिओ दे तोरेस हा स्पेनच्या आल्मेरिया भागातला. जन्म १८१७, मृत्यू १८९२. सुतारकीतून तो गिटारीकडे वळला. त्याने गिटारीचे पोट मोठे केले, वरची तबली पातळ केली आणि तबलीच्या आतल्या बाजूस पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्यांची रचना पक्की केली. सगळा आवाज तबलीतून निघतो, बाकीच्या लाकडाचे महत्त्व कमी, असे त्याचे म्हणणे. लोक ऐकेनात, तेव्हा १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची तबली तेवढी लाकडाची, आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! ती वाजली. आपल्याकडे मिरजेच्या कारागिरांना विचारा. तबलीचे लाकूड हातात घेऊन ठोकून पाहिल्याशिवाय ते सतारीला हात घालत नाहीत. समुद्राच्या दोन्ही तीरांना कारागिराचे कान सारखेच असतात.

वाद्य सुधारले, तरी प्रतिष्ठा सुधारली नव्हती. ते काम आंद्रेस सेगोव्हिया याने केले. १८९३ साली जन्मलेला हा माणूस १९८७ पर्यंत जगला आणि म्हातारपणापर्यंत वाजवत राहिला. खाणावळीतले वाद्य मोठ्या सभागृहात कशाला, असे म्हणणाऱ्यांना त्याने उत्तर दिले ते वाजवून. १९३५ साली पॅरिसमध्ये त्याने बाख याची व्हायोलिनसाठी लिहिलेली एक अवघड रचना गिटारीवर वाजवली, तेव्हा जाणकारांनाही मान डोलवावी लागली. त्या काळी गिटारीच्या बारीक तारा जनावराच्या आतड्यांच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतड्यांचा धागा जखमा शिवायला लागू लागला आणि तारांचा दुष्काळ पडला. त्यातून युद्धानंतर नायलॉनच्या तारा आल्या. तुमच्या-आमच्या मासे पकडायच्या गळाचा जो नायलॉन, त्याचाच हा भाऊ. तार सहज मिळू लागली, टिकू लागली, आणि गिटार शिकणारे वाढले.

मग एकट्या गिटारीवरून चार गिटारींवर जाणे ओघानेच आले. सेलेदोनिओ रोमेरो हा गिटारवादक १९५७ साली स्पेन सोडून मुलाबाळांसह अमेरिकेत गेला. बाप आणि तीन मुलगे अशा चौघांनी १९६० साली चतुष्क केले. १९६७ साली स्पेनचे संगीतकार होआकीन रोद्रिगो यांनी या चौघांसाठी, चार गिटारी आणि मोठा वाद्यवृंद अशी रचना लिहिली. रोद्रिगो लहानपणीच आंधळे झाले होते. आपले संगीत ते अंधांच्या ठिपक्यांच्या लिपीत लिहीत आणि मग दुसऱ्याकडून उतरवून घेत.

अशा गिटार-मेळाच्या मैफलीत काय वाजते? कार्यक्रम भेळीसारखा मिसळलेला असतो, पण त्याला क्रम असतो. प्रथम चारशे वर्षांपूर्वीच्या रचना, ज्या मुळात ल्यूट नावाच्या जुन्या वाद्यासाठी लिहिल्या होत्या. मग विवाल्डी किंवा बाख. त्यानंतर स्पेनचे आल्बेनिझ. गंमत अशी, की आल्बेनिझ यांनी आपल्या रचना पियानोसाठी लिहिल्या, पण त्यांत नक्कल गिटारीची केली. तेव्हा त्या गिटारीवर आल्या म्हणजे माहेरी आल्या. पुढे ब्राझीलचे ताल, आणि शेवटी हयात संगीतकारांचे नवे काही. एक गिटार चाल धरते, दुसरी तिला उत्तर देते, तिसरी मधले सूर भरते, चौथी खर्ज राखते. मधूनच वादक लाकडावर बोटांनी ताल धरतात, तेव्हा टिमकीची आठवण व्हावी. मग कामे बदलतात. चाल खर्जाकडे जाते आणि पुढारी मागे बसतो. पुढारीपण फिरते ठेवणे हे या संगीताचे मर्म. ग्रामपंचायतीला घ्यायला हरकत नाही!

आता हे वाद्य आपल्या देशात कसे वागले ते पाहू. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. मांडो गाताना व्हायोलिन, गिटार आणि मातीचे घुमट एकत्र बसत. घुमट हे अस्सल गोव्याच्या मातीचे, आणि गिटार परदेशी. दोघांचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. या शाळांतून तयार झालेले गोमंतकीय वादक मुंबईला आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून आपले राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातल्या गाण्यात जे नाव ऐकून आपण हसतो, ते या गुरूचे नाव आहे.

मिळून वाजवण्याचे प्रयोग इतरत्रही चालले होते. मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना वाद्ये शिकवून त्यांचा वाद्यवृंद केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे नलतरंगही बनवले. माणसे मारायच्या वस्तूतून सूर काढला, यापेक्षा चांगला उपयोग तो कोणता? पुढे १९५२ साली आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद सुरू केला आणि तो पंडित रविशंकर यांच्याकडे सोपवला.

पण आपल्या विषयाला सर्वांत जवळची घटना १९६७ सालची, म्हणजे रोद्रिगो यांनी चार गिटारींची रचना केली त्याच वर्षाची, आणि तिच्यामागे एक मराठी माणूस आहे. गोविंद नारायण जोशी, म्हणजे आपले जी. एन. जोशी. मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांपैकी एक, आणि पुढे हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत ध्वनिमुद्रणाचे जाणते अधिकारी. त्यांच्या निर्मितीत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, नुसत्या वाद्यांनी सांगायचा, अशी कल्पना. पहाटेला अहीर भैरव, पुढे पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. वाजवणारे कोण? शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, ब्रिजभूषण काब्रा गिटारवर आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर.

या तिघांची वाद्ये पाहा. संतूर हे काश्मिरी लोकवाद्य. काठीने तारांवर टोले द्यायचे. त्यात मींड कुठून येणार, म्हणून शिवकुमारांनी १९५५ साली मुंबईत ते वाजवले तेव्हा नाके मुरडणारे होते. बासरी गुराख्याची, पन्नालाल घोषांनी ती मोठी करून बैठकीत आणली त्याला फार वर्षे झाली नव्हती. आणि गिटार तर चित्रपटातली म्हणून बदनाम. काब्रा हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी गिटार आडवी मांडीवर घेतली आणि पडद्यांवर बोटे दाबण्याऐवजी तारांवरून पोलादी कांडी सरकवली. ही हवाई बेटांवरची रीत. पण तिने पडद्यांचा अडसर गेला आणि आपल्या संगीताचा प्राण जी मींड, ती गिटारीत उतरली. दाराबाहेरची तीन वाद्ये एकत्र बसली आणि त्यांची तबकडी जगभर गेली. चार माणसांनी मिळून वाजवलेले हे आपले दालन-संगीतच म्हणायचे.

श्रोते हो, आता मी ‘दाराबाहेर’ असे म्हणालो, त्या शब्दापाशी थोडे थांबू. गिटार खाणावळीतली, बासरी गुराख्याची, सनई लग्नाच्या दारातली. वाद्याला कमी लेखले जाते ते त्याच्या आवाजामुळे नाही, वाजवणाऱ्यामुळे. सनईचे आपल्याकडे काय होते? शुभकार्याला तिच्याशिवाय पान हलत नसे. पण वाजवणारा बसायचा मांडवाच्या तोंडाशी. बिस्मिल्ला खाँ साहेबांनी तिला मैफलीत मानाने बसवले आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीला तिचेच सूर घुमले. पण खेड्यातल्या वाजंत्र्याचे काय?

हा प्रश्न महाडच्या मातीत उगाच विचारत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्याच चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेले जनावर ओढणे, शिळे तुकडे मागणे, असली अपमानाची कामे सोडा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत वाजवणे हेही जातीने लादलेले काम होते. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचे, आणि पंगतीच्या वेळी सगळ्यांच्या मागे, तेही बाहेर. अनेकांनी त्या काळात आणि नंतर १९५६ च्या धर्मांतराच्या वेळी हातातली वाद्ये खाली ठेवली. ‘कला बुडाली’ म्हणून हळहळणारे तेव्हाही होते. पण कला त्यांनी बुडवली नाही. ज्या कलेच्या बदल्यात माणसाला उंबऱ्याबाहेर उभे करतात, ती कला आपल्याच वजनाने बुडते. वाद्य खाली ठेवण्याचा हक्क वाजवणाऱ्याचा असतो. ते पुन्हा उचलले जावे असे वाटत असेल, तर मानाने बसायला जागा देण्याचे कर्तव्य ऐकणाऱ्यांचे.

त्याच १९२७ च्या जुलैत, तळ्याच्या सत्याग्रहानंतर चार महिन्यांनी, मुंबईला नभोवाणी केंद्र सुरू झाले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण मला दोन्हीत एक सारखेपणा दिसतो. पाणी सर्वांचे, तसा सूरही सर्वांचा. रेडिओचे गाणे जात विचारून कानात शिरत नाही. पुढे घरोघर संच आले आणि ज्याला बैठकीचा उंबरा ओलांडता येत नव्हता, त्याच्या ओसरीवर बैठक आपण होऊन चालत आली.

आज रेडिओच्या जागी खिशातला फोन आला आहे आणि मिरवणुकीत ट्रकवर भिंतीएवढे भोंगे आले आहेत. त्या भोंग्यांना एकच काम येते, मोठ्याने वाजणे. त्यांत कोण कुणाला उत्तर देतो, पुढारी कोण, मागे कोण, हे काही उरत नाही. छातीत धडधड होते, कान मात्र उपाशी राहतात. खालू बाजावाल्याला या ट्रकशी आवाजाची शर्यत लावायला सांगणे म्हणजे गिटारीला तुतारीशी झुंजवणे. हरणारच. सेगोव्हिया आणि तोरेस यांनी ती शर्यत लावलीच नाही. त्यांनी लोकांना गप्प बसून ऐकायला शिकवले आणि वाद्याला त्याच्या बेताची जागा मिळवून दिली.

शिक्षक मित्रांना म्हणून माझे दोन शब्द. गावात बाजा वाजवणारी माणसे असतील, तर त्यांना एक दिवस शाळेत बोलवा. मिरवणुकीसाठी नको, ऐकण्यासाठी. खुर्च्या द्या, मुले समोर बसवा. मुलांचे चार गट करा. एका गटाने फक्त सनई ऐकायची, दुसऱ्याने ढोल, तिसऱ्याने टिमकी, चौथ्याने झांज. मग प्रत्येक गटाने आपल्या वाद्याने काय केले ते सांगायचे. नंतर गट बदलायचे. दुसऱ्या दिवशी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावा आणि गिटार कुठे बोलते, बासरी कुठे, संतूर कुठे, ते ओळखायला सांगा. तिसऱ्या दिवशी चार गिटारींचे काही मिळाले तर तेही ऐकवा. ते जास्त अवघड आहे, कारण चारी आवाज एकाच जातीचे. ज्या मुलाला टिमकी वेगळी ऐकू आली, त्याला चौथी गिटारही ऐकू येईल. त्याला आणखीही एक गोष्ट ऐकू येऊ लागेल: चार माणसांत आपला सूर न सोडता दुसऱ्याला जागा कशी द्यायची, ती.

आणि वाजवणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायला विसरू नका. रोमेरो बाप-लेकांची नावे जग जाणते. आपल्या छबिन्यात सनई कुणी वाजवली, ते गावाला सांगता यायला हवे.